उमेदवारी संपेपर्यंत तो विद्यार्थीच

बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतील एका मशीन शॉपमध्ये शिकाऊ उमेदवारांची जबाबदारी गेली काही वर्षे माझ्याकडे आहे. मागच्या पावसाळ्यात नंदगडच्या बाजूच्या एका खेड्यातला मुलगा आयटीआय करून आमच्याकडे टर्नर, म्हणजे लेथवर धातू कातणारा शिकाऊ, म्हणून रुजू झाला आणि दहाव्या आठवड्यात काम सोडून गेला. त्याचा हात उत्तम होता. पंधरा दिवसांतच तो बुशचे बोअर, म्हणजे धातूच्या नळीचे आतले भोक, दोन शतांश मिलिमीटरच्या आतल्या अचूकतेने काढू लागला होता. माप घेताना मायक्रोमीटर हे मोजण्याचे साधन कानाजवळ धरून त्याच्या रॅचेटचे (दाब बेताचा ठेवणाऱ्या टोकाच्या खिट्टीचे) तीन टक् नीट ऐकायचे आणि मगच आकडा वाचायचा, ही सवय मी त्याला शिकवलेली नव्हती. ती त्याने स्वतःच लावून घेतली होती. असा मुलगा गेला याची मला आजही हळहळ वाटते, आणि तो का गेला याचा हिशेब त्याने कामाच्या नोंदवहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवलेला असल्यामुळे मला तो टाळताही येत नाही.

त्या पानावर एसटीचे भाडे होते. गावातून नंदगड, नंदगडहून खानापूर आणि तेथून मच्छे-पिरनवाडीवरून उद्यमबाग, असे येऊन-जाऊन महिन्याकाठी दोन हजारांच्या आसपास. दुपारचा डबा घरचा होता, पण दुसऱ्या पाळीला शेवटची गाडी चुकली की मजगावात मित्राच्या खोलीवर राहावे लागे आणि तिथे खानावळीचे पैसे द्यावे लागत. सेफ्टी शूज त्याने स्वतःच्या पैशाने घेतले होते, कारण आमच्याकडे त्याच्या मापाचा जोड यायला महिना लागला आणि लेथवरून उडणारा लोखंडाचा गरम कीस चपलेत शिरला की काय होते हे त्याने पहिल्याच दिवशी अनुभवले होते. हा दोष आमचाच होता.

जमेच्या बाजूला काय होते? आयटीआय उत्तीर्ण उमेदवाराला 2019 च्या सुधारित नियमांप्रमाणे पहिल्या वर्षी महिना किमान 7000 रुपये विद्यावेतन द्यावे लागते. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेखाली, जी 2016 मध्ये सुरू झाली, त्यातील 25 टक्के, पण जास्तीत जास्त 1500 रुपये, केंद्र सरकार देते, आणि 2023 पासून हा वाटा कारखान्यामार्फत न येता थेट मुलाच्या बँक खात्यात जमा होतो. कारखान्याचे 5500 रुपये त्याला मिळाले. सरकारचे 1500 मात्र तो असेपर्यंत आलेच नाहीत, कारण मराठी शाळेच्या दाखल्यावर त्याचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव अशा क्रमाने होते, तर आधार कार्डावर कन्नडमधून इंग्रजीत उतरलेले नाव होते आणि त्यात आडनावच नव्हते. आपल्या भागातल्या अर्ध्याअधिक घरांत अशी दोन-दोन नावांची माणसे आहेत. ती दुरुस्ती होईपर्यंत त्याने लावणीच्या दिवसांत घरी दोन हात कमी पडत असताना, वडिलांकडूनच गाडीभाड्याला पैसे मागून नेले.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त खटकते ती गोष्ट वेगळीच आहे. हाच मुलगा रुजू होण्याच्या चार महिने आधी आयटीआयमध्ये होता तेव्हा त्याच्याकडे बसचा विद्यार्थी पास होता. शेतकऱ्याचा मुलगा म्हणून कर्नाटक राज्य सरकारच्या 2021 मध्ये सुरू झालेल्या रयत विद्यानिधी शिष्यवृत्तीचे वर्षाला अडीच हजार रुपये त्याला मिळत होते. तो कारखान्याच्या फाटकातून आत आला आणि विद्यार्थी राहिला नाही. मग कामगार झाला म्हणावे, तर 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याचे 18 वे कलम स्वच्छ सांगते की शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नव्हे, आणि त्यामुळे कामगारविषयक कायदे त्याला लागू नाहीत. अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी मालकावर येते, एवढे संरक्षण त्याच कायद्याने दिले आहे आणि ते मोलाचे आहे. पण किमान वेतन नाही, आणि उत्पादनावर आधारलेला बोनसही नाही. तो नसावा हे मला मान्य आहे, कारण नगावर पैसे लावले की शिकणे संपते. मात्र मजुरीचे हक्क त्याला ‘तू शिकतो आहेस’ म्हणून द्यायचे नसतील, तर शिकणाऱ्याच्या सवलती ‘तू कमावतोस’ म्हणून काढून घेणे न्यायाचे नाही.

राज्याच्या युवा निधीतही हीच अडचण आहे. जानेवारी 2024 पासून बेरोजगार पदवीधरांना महिना 3000 आणि पदविकाधारकांना 1500 रुपये दोन वर्षांपर्यंत देणारी ही योजना आयटीआय झालेल्या मुलांसाठी नाहीच, आणि जो पदविकाधारक उमेदवारीवर रुजू होऊन विद्यावेतन घेऊ लागतो तोही तिच्यातून बाहेर पडतो. म्हणजे घरी बसलेल्याला आधार आहे आणि पहाटे साडेपाचला गाडी पकडणाऱ्याला नाही. घरी बसलेल्याचा आधार काढून घ्या असे मी मुळीच म्हणत नाही; तो आधार कारखान्यापर्यंत पोचवा एवढेच म्हणतो.

गाडीभाड्याने किती फरक पडतो हे मी आमच्याच गुणवत्ता तपासणी विभागात पाहिले आहे. खानापूरकडून येणाऱ्या दोन मुली तिथे उमेदवारी करत होत्या. 11 जून 2023 पासून शक्ती योजनेमुळे राज्याच्या बसमध्ये महिलांना तिकीट लागत नाही, आणि त्या दोघींनीही मुदत पूर्ण केली. दोघींवरून सिद्धांत मांडता येत नाही हे मला कळते, पण त्यातल्या एकीच्या आईने मला सांगितले होते की तिकीट असते तर पोरीला पाठवलेच नसते.

सीमेपलीकडे महाराष्ट्रात 2024 मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. तीत बारावी झालेल्यांना 6000, आयटीआय किंवा पदविका झालेल्यांना 8000 आणि पदवीधरांना 10000 रुपये विद्यावेतन ठरले, आणि सहा महिन्यांची मुदत पुढे अकरा महिन्यांपर्यंत वाढवण्यात आली. अट अर्थातच महाराष्ट्राचा रहिवासी असण्याची आहे, त्यामुळे निपाणीच्या मुलाला कागलची औद्योगिक वसाहत दुचाकीवर जवळ असली तरी ही योजना जवळ नाही. मुदत वाढवूनही पुढे काय, हा प्रश्न तिथल्या प्रशिक्षणार्थींना आंदोलने करून विचारावा लागला. तरीसुद्धा शिकण्याचा काळ लांबला तर पैशाचा आधारही लांबला पाहिजे, हे एका सरकारने मान्य केले, आणि आपल्याकडे निदान तेवढे तरी मागता येते.

मे 2025 मध्ये केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने विद्यावेतन 36 टक्क्यांनी वाढवून किमान 6800 ते 12300 रुपयांच्या टप्प्यात न्यावे अशी शिफारस केली. तिचे मी स्वागत करतो, पण लहान कारखान्याचा हिशेबही मला माहीत आहे. सरकारी वाट्याची 1500 ची मर्यादा 7000 रुपयांनाच अपुरी आहे, कारण 25 टक्के धरले तरी 1750 होतात. विद्यावेतन वाढले आणि मर्यादा तिथेच राहिली, तर वाढीचा सगळा भार मालकावर येईल. तीसपेक्षा कमी माणसांच्या कारखान्याला उमेदवार घेणे ऐच्छिक आहे, आणि उद्यमबाग-मच्छे भागातली असंख्य जॉबवर्कची शॉप्स याच गटात मोडतात. ती उमेदवार घेणेच थांबवतील.

म्हणून माझी मागणी विद्यावेतनाच्या आकड्यापुरती नाही. उमेदवारीचा करार संपेपर्यंत मुलाचा बस पास आणि शिष्यवृत्ती चालू ठेवावी. रुजू होताच, पहिले विद्यावेतन हातात पडण्याआधी, गाडीभाडे आणि बुटांपुरती रक्कम मिळावी, कारण नियमाप्रमाणे विद्यावेतन पुढच्या महिन्याच्या दहा तारखेपर्यंत येते आणि गरिबाच्या घरात हे पहिले चाळीस दिवसच सर्वांत अवघड असतात.

तो मुलगा सध्या मडगावला एका गोदामात माल चढवण्या-उतरवण्याचे काम करतो आणि आठवड्याला रोख पैसे घेतो. गणपतीला गावी आला तेव्हा वाट वाकडी करून शॉपवर येऊन गेला. आपल्या जुन्या लेथवर दुसरा मुलगा काम करतो आहे हे त्याने थोडा वेळ पाहिले. पुढच्या तुकडीत परत येशील का, असे मी त्याला विचारले. आधारवरचे नाव आता दुरुस्त झाले आहे, असे त्याने सांगितले, आणि मग विचारले, “सर, पासाचं काय तरी होतंय काय?”