करडी उकड

स्वयंपाकघरातला नळ ठिबकत होता म्हणून मी वॉशर शोधत होतो. एवढंच कारण. दुपारचे तीन वाजलेले, बायको ऑफिसात, मुलगी आतल्या खोलीत हेडफोन लावून मीटिंगमध्ये, आणि मी जमिनीवर फतकल मारून हत्यारांचा खालचा ड्रॉवर उपसतोय. निवृत्त माणसाला त्या वेळी घरात फारशी मानाची कामं नसतात. पकड निघाली, दोन पाने निघाले, न पेटणारा टेस्टर, रंगाने कडक झालेला ब्रश, कुठल्या तरी पंख्याचे स्क्रू. आणि सगळ्यात तळाशी उलथनं.

लोखंडी. दांड्याला दोन रिबिटा, त्यातली एक खुळखुळणारी. पात्याला कडेने पोपटी ऑइलपेंट लागलेला. आई गेल्यावर बाबा त्याने रंगाचे डबे उघडायचे, म्हणून ते हत्यारांत आलं असणार. नौपाड्यातली इमारत रिडेव्हलपमेंटला गेली तेव्हा हत्यारांची पेटी न उघडताच आम्ही ती इकडे घोडबंदर रोडला आणली, आणि ती तशीच ड्रॉवरमध्ये ओतली. म्हणजे हे उलथनं गेली सात वर्षं माझ्या स्वयंपाकघरापासून बारा पावलांवर होतं.

वॉशर राहिला. मी ते उलथनं नाकाशी नेलं. लोखंडाचा आणि टर्पेंटाइनचा वास आला, दुसरा कसला येणार? पण मला आली ती उकडच.

आमच्याकडची उकड करडी असायची. आता उकड म्हणजे तांदळाची, ताकातली, लसूण-मिरचीची. ती पांढरीशुभ्र असते हे मला कॉलेजात असताना एका मित्राच्या घरी पहिल्यांदा कळलं. त्याच्या आईने ताटलीत पांढरा गोळा वाढला आणि मी मनात म्हटलं, हिची कच्ची राहिली. आमची उकड पावसाळी ढगाच्या रंगाची, कारण आई ती लोखंडी कढईत करायची. ताकाचा आंबटपणा लोखंडाला ओढून घेतो, रंग तिथून येतो. आंबट पदार्थ लोखंडात शिजवला की अंगाला लोह मिळतं, हे आज सगळे आहारवाले सांगतात. आईने हे काही वाचलेलं नव्हतं. तिचं साधं होतं. पितळेच्या पातेल्याला कल्हई नसली की ताक कळकतं, आणि उलथन्याने खरवडलं की कल्हई राहत नाही. कल्हईवाला आमच्या गल्लीत यायचा, भाता फुंकायचा, नवसागराचा तो पांढरा धूर निघायचा, पण तो काय आमच्या उकडीच्या वेळापत्रकाने येणार? मग लोखंडी कढई. पाहुणे आले की मात्र उकड नाही, पोहे. करडी उकड घरातली गोष्ट होती, फाटक्या बनियनसारखी.

लोखंडात ती ठेवून चालायची नाही. झाली की लगेच वाढायची, कढई लगेच रिकामी करायची, नाहीतर करड्याची काळी व्हायची. त्यामुळे उकडीच्या सकाळी आमच्या घरात एक प्रकारची लष्करी शिस्त असे. एरवी तीन हाका मारूनही न उठणारा माझा धाकटा भाऊ त्या दिवशी हिंग तडतडला की पाटावर हजर.

खरी लढाई उकडीसाठी नव्हतीच. खरपुडीसाठी होती.

खरपुडीबद्दल मी थोडा वेळ घेणार आहे, ज्यांना घाई आहे त्यांनी पुढे जावं. वाटीभर पिठाला तीन वाट्या ताकपाणी, गुठळी न राहू देता कालवलेलं. फोडणीत मोहरी, हिंग, ठेचलेला लसूण, मिरच्या, कढीपत्ता. त्यावर ते कालवण ओतायचं आणि हात थांबवायचा नाही. आधी नुसतं पातळ ताक ढवळतोय असं वाटतं, मग एकाएकी उलथन्याला ओढ लागते, आणि गोळा जमायला लागतो. मग गॅस बारीक, झाकण, दोन वाफा. या दोन वाफांत तळाशी जे घडतं ती खरपुडी. वरची उकड तकतकीत झाली की ती उचलून घ्यायची आणि कढई तशीच मिनिटभर आचेवर ठेवायची. कडा आपोआप सुटायला लागतात. हे मिनिट फार नाजूक. आधी खरवडलं तर चिकट लगदा येतो, उशीर झाला तर कोळसा. बरोबर वेळी उलथनं घातलं तर तळहाताएवढा तुकडा अखंड निघतो. एका बाजूने बदामी, कुरकुरीत, दुसऱ्या बाजूला अजून मऊ, आणि त्यात फोडणीतला एखादा लसूण चिकटून बसलेला.

आई तो अखंड काढायची. मग त्याचे दोन भाग, एक मला, एक भावाला. भाग समान नसत, असा आम्हा दोघांचाही आरोप होता.

आणि वर तेल. कच्चं. उकडीच्या ढिगात बोटाने खळगा करायचा आणि आईने बुधलीतून त्यात तेल सोडायचं. तेल सोडण्यात आईचा हात भयंकर वाईट. खळग्यात थेंबभर, ताटाच्या काठावर चमचाभर, पाटावर आणखी थोडं. बाबा म्हणायचे, "तेल बाहेर ठेवलंय, ज्याला हवं त्याने उकड तिथे नेऊन बुडवावी." आम्ही हसायचो. आजी हसायची नाही. ती म्हणायची, "हातच धड नाही हिचा." वरणही सांडायचं, ताकही. भाताची मूद मात्र कधी पडली नाही. ती आतून, ओट्याजवळून पाडून यायची.

आता सकाळचा नाश्ता माझ्याकडे आहे. बायको सव्वासातला घर सोडते, तिला डब्याबरोबर पोटात काही तरी गरम जायला हवं, आणि मला पेपर येईपर्यंत उद्योग हवा. पहिल्या महिन्यात मी हौसेने सगळं केलं. सांजा, मोकळ भाजणी, घावन, फोडणीची पोळी. ठाण्यात राहून नाश्त्याबद्दल लिहायचं आणि मामलेदारच्या मिसळीचं नाव घ्यायचं नाही म्हणजे तळ्याकाठी राहून मासा न पाहिल्यासारखं, म्हणून घेतो. पण तिथे मी महिन्यातून एकदाच जातो, आणि त्या दिवशी घरी काही बोलत नाही. कारण उपाशीपोटी साखर 112 आली. डॉक्टर म्हणाले, मधुमेह नाही, पण दारात उभा आहे. म्हणजे तांदळाची उकड, जिला मी जन्मभर साधं, पौष्टिक, घरचं म्हणत आलो, ती माझ्यासाठी फार साधीही नाही आणि फार पौष्टिकही नाही. हे मी जड मनाने लिहितोय.

मुलीचं वेगळं. ती रात्री काचेच्या बरणीत ओट्स, दूध आणि चिया भिजवते आणि सकाळी वरून केळं कापते. न शिजवता, गारढोण. ती म्हणते, ओट्समधलं बीटा-ग्लुकन रोज तीन ग्रॅम पोटात गेलं की कोलेस्टेरॉल उतरतं. खरं आहे, मी तपासून पाहिलं. बापाने मुलीचं म्हणणं गुपचूप तपासू नये असं कुठे आहे? माझा त्या बरणीवर आक्षेप आरोग्याचा नाहीच. बरणीला खरपुडी धरत नाही.

शेवटी आमचा तह नाचणीवर झाला. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तांदळात जेमतेम दहाच्या घरात, हा आकडा तिनेच मला ऐकवला. 2023 हे संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं वर्ष म्हणून पाळलं तेव्हापासून नाचणीला बरे दिवस आलेत. मॉलमध्ये ती चकचकीत पाकिटात, औषधासारखी मांडलेली असते. मी जांभळी नाक्यावरून सुटी आणतो, निवडतो, धुतो, सावलीत वाळवतो आणि गिरणीत नेतो. गिरणीवाल्याला विचारतो, "आधी काय दळलं?" तो बेसन म्हणाला की मी बाकड्यावर बसतो. कुणाचे तरी तांदूळ किंवा ज्वारी येईपर्यंत बसतो. त्याला वाटतं, ह्या काकांना दुसरं काम नाही. बरोबर वाटतं त्याला.

नाचणीची उकड मुळातच तपकिरी. लोखंडी कढईत केली तरी रंग कोणाच्या लक्षात येत नाही. आईची कढईही मी मागच्या दिवाळीत माळ्यावरून काढली, चिंचेने घासली, तेल लावून तापवली. सगळं जमलं, खरपुडी मात्र अखंड निघेना. मी स्टीलचं उलथनं वापरतो, ते जाड आहे, तळाच्या गोलाईत बसत नाही. चुरा निघायचा. वाटायचं, नाचणीचाच दोष असेल.

आणि आता हे सापडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याचा रंग खरवडून काढला, खुळखुळणारी रिबीट हातोडीने बसवली, आणि उकड टाकली. दोन वाफा. उकड उचलली. मिनिटभर थांबलो. कडा सुटल्या. उलथनं घातलं, आणि ते बसेना.

पातं एका बाजूने झिजलेलं होतं. चाळीस वर्षं एकाच कढईत घासून उजवा कोपरा पार गोल झालेला, कढईच्या तळाला साचा काढून केल्यासारखा. डावा कोपरा अजून टोकदार, जवळजवळ नवा. माझ्या हातात तो टोकदार कोपराच टेकत होता आणि खरपुडीत घुसत होता. मी मनगट वळवून पाहिलं, कढई फिरवून पाहिली, स्वतः ओट्याला तिरपा उभा राहिलो. शेवटी वैतागून उलथनं दुसऱ्या हातात घेतलं.

डाव्या हातात ते असं बसलं की बस. गोल कोपरा तळाला लागला आणि सरकत गेला.

माझं स्टीलचं उलथनं काढून पाहिलं. सहा महिन्यांच्या वापराने त्याच्या डाव्या कोपऱ्यावर नुसती चकाकी आलीये. डाव्या.

खरपुडी जळली, ते सांगायला नको. बायको बिस्किटं खाऊन गेली.

मी डोंबिवलीला मावशीला फोन लावला. तिचं वय ब्याऐंशी, ऐकू कमी येतं, पण आठवण लख्ख. म्हटलं, "मावशी, आई डावरी होती का गं?"

"कोण?"

"आई. आई डावरी होती का?"

"अरे मग! डावरीच की ती. मास्तरांनी हातावर छड्या देऊन उजव्याने लिहायला लावलं तिला. आणि लग्न ठरलं तेव्हा आमच्या आईने तिला महिनाभर रोज उजव्या हाताने वाढायला बसवलं होतं. आम्ही सगळे रांगेत पाटावर, आणि ती वाढतेय. सासरी डाव्या हाताने वाढलेलं चालेल का?" मग थोडं थांबून म्हणाली, "तुला माहीत नव्हतं?"

नव्हतं. आमचं स्वयंपाकघर अरुंद, ओटा भिंतीला लागून. आम्ही पाटावर बसलेले असायचो तेव्हा आईची आम्हाला दिसायची ती पाठ. भिंतीकडे तोंड करून ती कुठल्या हाताने ढवळते, कुठल्या हाताने खरवडते, हे कोण बघणार? वळून आमच्याकडे आली की उजवा हात पुढे.

मावशी पुढे बरंच बोलली. उकडीला ताक तीन वाट्या फार होतं, अडीचच घ्यावं, वगैरे. मी हो हो म्हणत होतो.

संध्याकाळी नेरूळला भावाला फोन केला. त्याला उलथन्याचं सांगितलं, कोपऱ्याचं सांगितलं, मावशीचं सांगितलं. तो आधी म्हणाला, "म्हणून मला छोटा तुकडा यायचा, डाव्या हाताने भाग करत असणार." आम्ही दोघं हसलो. मग तो गप्प झाला. पलीकडे त्याच्या टीव्हीचा आवाज येत होता.

"तेल," तो म्हणाला.

"हो."

"आणि आपण सगळे खी खी करायचो."

बाबांच्या त्या वाक्यावर आईसुद्धा हसायची. हातात बुधली धरून, पाटावर सांडलेलं तेल पुसता पुसता, डाव्या हाताने.