पत्र्यांचं बिल

हिशेब तपासणं हा माझा पेशा. एखाद्या ख्रिस्ती मंडळीचं, म्हणजे चर्चचं, काम घेतलं की कोणीतरी हमखास सांगतं, "आपलीच माणसं आहेत, फार खोलात जाऊ नका." मी नेमका तिथूनच खोलात जातो.

या मंडळीची कीर्द तशी चोख होती. दानअर्पणाच्या मोजणीवर दरवेळी दोघांच्या सह्या, बँकेशी ताळमेळ बरोबर. अडलं ते इमारत निधीत. छपराच्या पत्र्यांची दोन बिलं, एकाच दुकानाची. तारखांत चार महिन्यांचं अंतर, नंबर मात्र लागोपाठ: ११८ आणि ११९. चार महिने त्या दुकानात दुसरं गिऱ्हाईकच फिरकलं नाही? शिवाय ११९वरचं अक्षर वेगळं, आणि मान वर करून पाहिलं तर अर्धं छप्पर अजून जुन्या गंजक्या पत्र्यांचंच. (अट्टल चोर याहून बरं बिल बनवतो, हेही सांगायला हवं.)

कोषाध्यक्षांना विचारलं. वयस्कर गृहस्थ, सगळे त्यांना काका म्हणतात. त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. मंडळीतल्या एका बाईंचं ऑपरेशन तातडीनं करायचं होतं, मदत निधीत खडखडाट, आणि नाव कुठे येऊ नये एवढीच घरच्यांची विनंती. म्हणून कमिटीतल्या दोघातिघांनी मिळून इमारत निधीतून पैसे दिले आणि वर पत्र्यांचं बिल लावलं. हॉस्पिटलची पावती काकांनी जपून ठेवली होती. ती कपाटातून काढून माझ्यासमोर ठेवली. रक्कम पैशापर्यंत जुळत होती.

"पैसे कुठे गेले ते देवाला माहीत आहे," काका म्हणाले.

"मग हे बिल कोणासाठी केलंत?"

सेक्रेटरी मध्ये पडले. कोणी खिशात घातलेत का, जीव वाचला, हे महत्त्वाचं नाही का, वगैरे. त्यांचंही खोटं नव्हतं. मी त्यांना बायबलमधल्या हनन्या आणि सप्पीरा या नवरा-बायकोची आठवण करून दिली. 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या ५ व्या अध्यायात प्रेषित पेत्र हनन्याला स्पष्ट म्हणतो की शेत तुझं होतं, विकल्यावर पैसेही तुझेच होते. थोडे ठेवून घेतले असते तर कोणी विचारलं नसतं. थोडे ठेवून सगळे दिल्याचा आव आणला, तिथे घात झाला. इथे तर पैसेही आपले नव्हते, छपरासाठी म्हणून लोकांनी दिलेले होते.

"नाव फुटलं असतं त्यांचं," काका म्हणाले. त्यांची खरी अडचण ही होती, आणि ती मला पटली. पण नाव झाकायला खोटं बिल लागत नाही. 'वैद्यकीय मदत, नाव गोपनीय, कागद कमिटीकडे' एवढी नोंद पुरते. इमारत निधीतून मदत निधीला उसने दिले, असा ठराव लिहायचा आणि तो वार्षिक सभेत वाचायचा. प्रेषित पौलाने वर्गणीच्या कामासाठी आपला सहकारी तीत याच्याबरोबर आणखी दोन बांधवांना करिंथच्या मंडळीकडे पाठवलं, त्यातला एक मंडळ्यांनीच निवडलेला. करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या ८ व्या अध्यायात त्याचं कारणही आहे: प्रभूच्या दृष्टीने जे बरं तेच माणसांच्याही दृष्टीने बरं दिसावं. देवाला माहीत आहे म्हणून पौलाने माणसांना वगळलं नाही.

"सभेत वाचलं तर लोक देणं बंद करतील," सेक्रेटरी म्हणाले. करतीलही, मी म्हटलं. पण ११९ खरं धरून मी सही करणार नाही.

काकांनी ते बिल ओढून घेतलं, त्यावर आडवी रेघ मारली, खाली 'हे बिल खोटे आहे' असं लिहून सही केली.

सभेत ठराव त्यांनीच वाचला. एक गृहस्थ तडकून उठले, "मी छपरासाठी दिले होते, मला विचारलंत का?" त्यांचं म्हणणं रास्त होतं. काकांनी माफी मागितली, आणि उसनी रक्कम इमारत निधीत कधी परत जमा होणार ती तारीख तिथेच इतिवृत्तात घातली गेली. माझ्या अहवालातला ११९चा परिच्छेद मी ठेवला. सेक्रेटरींनी तो गाळायची विनंती केली होती, काकांनी नाही.