रोममध्ये ‘मानोमिस्सिओने’ वाचताना

रोममध्ये ‘मानोमिस्सिओने’ म्हणजे छेडछाड. सील फोडलं, मीटर फिरवला की हाच शब्द. पालिकेच्या कागदांत रस्ता खणणं हीसुद्धा ‘सार्वजनिक जमिनीची मानोमिस्सिओने’! आणि तेर्मिनी स्टेशनसमोरच्या रोमन सम्राट डायोक्लेशियनच्या स्नानगृहात, शिलालेखांच्या दालनात शिरलो, की त्याच शब्दाचा अर्थ गुलामाची मुक्तता.

लॅटिन ‘मानुस’ म्हणजे हात, आणि धन्याची सत्ताही. आपल्या ‘हाताखाली’मधला हात. ‘मित्तेरे’ म्हणजे सोडणं. इटालियनमध्ये त्याचं ‘मेत्तेरे’ झालं, अर्थ ‘घालणं’. हात सोडण्याचं झालं हात घालणं. जुन्या इटालियनमध्ये वाइनच्या पिंपाला पहिल्यांदा तोटी लावणं हेही ‘मानोमेत्तेरे’च.

दालनातले लेख वाचायला लॅटिन यायलाच हवं असं नाही. आधी पहिलं नाव, मग कुळाचं, मग बापाच्या किंवा धन्याच्या नावाचं एक अक्षर आणि त्यापुढे एफ किंवा एल. एफ म्हणजे अमक्याचा मुलगा, एल म्हणजे अमक्यानं मुक्त केलेला. सुटलेला गुलाम धन्याचं कुळनाव घेई, जुनं नाव शेवटी राही. रोमन वक्ता सिसेरो याचा लेखनिक तिरो इ.स.पू. 53मध्ये सुटला आणि मार्कस तुल्लियस तिरो झाला. घोटाळा होतो तो एलवरच, कारण लुसियस या नावाचं लघुरूपही एल. ‘एल. एल.’ लागोपाठ दिसले तर पहिला म्हणजे धनी लुसियस, दुसरा म्हणजे ‘मुक्त’. एलच्या आधी उलटा सी कोरलेला असेल, तर सोडणारी मालकीण.

प्रीटर या न्यायाधिकाऱ्यासमोरच्या विधीत गुलामाला काठी लावून स्वतंत्र म्हणत, मग धनी हात सोडी. किमतीच्या 5 टक्के कर वेगळा. मृत्युपत्रानं मात्र हवे तेवढे सोडता येत नसत: इ.स.पू. 2च्या कायद्यानुसार 3 ते 10 गुलाम असतील तर निम्मे, 11 ते 30 असतील तर एक तृतीयांश, आणि कितीही असले तरी 100च्या वर नाहीच.

तिथून पायी पंचवीसेक मिनिटांवर पोर्ता माज्जोरे ही जुनी वेस. वेशीला खेटून युरिसाकेस या बेकरीवाल्याची कबर आहे. दगडातली मोठाली गोल भोकं म्हणजे बहुधा कणीक मळायची पिंपं. वरच्या पट्टीत पाव करण्याचं सगळं काम कोरलंय. कुंपणाबाहेरूनच बघावं लागतं, दुर्बीण असेल तर न्या. गाइड त्याला बेधडक ‘मुक्त गुलाम’ म्हणतात. तो तर्क आहे, ग्रीक नाव आणि बापाचा उल्लेख नाही यावरून केलेला. लेखात ‘मुक्त’ सांगणारा एल कुठेच नाही.