कोणत्या हिशोबाने?

अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी चार ओळी लिहा, असं समितीचं पत्र आलं आणि पहिल्यांदा आठवले ते सर. गणिताचे सर म्हटल्यावर कोणते, हे आपल्या शाळेत सांगावं लागत नाही. स्नेहसंमेलनं, सहली, मैदान यांवर बाकीचे लिहितीलच. मी सरांच्या एका तासाबद्दल लिहितो.

लॉग टेबलं उघडलेली होती. ‘लॉग म्हणजे काय?’ असं मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं. सरांनी फळ्यावर २, ४, ८, १६ लिहिले आणि त्यांच्याखाली टेबलातले त्यांचे लॉग: .३०१०, .६०२१, .९०३१, १.२०४१. वर दर वेळी दुप्पट, खाली दर वेळी साधारण .३०१ ची भर. मग शेजारी ग्रीक लिपीतली पाच अक्षरं काढली: लॅम्डा, ओमिक्रॉन, गॅमा, ओमिक्रॉन, सिग्मा. लोगोस. इथे अर्थ गुणोत्तर. अरिथ्मोस म्हणजे संख्या. जॉन नेपियरने १६१४ मध्ये आपली कोष्टकं छापली, त्यांच्या ‘लॉगरिदम’ या नावासाठी हे दोन शब्द जोडले. किती गुणोत्तरं एकावर एक चढली, त्याची गणती म्हणजे लॉग.

घंटा झाल्यावरही सर त्याच शब्दावर बोलत राहिले. ‘लोगोस दिसला की आधी शब्द म्हणू नका, हिशेब म्हणून बघा,’ ही त्यांची किल्ली. ती आजवर अडलेली नाही.

मूळ क्रियापद लेगेइन, म्हणजे वेचणे. होमरच्या इलियड या महाकाव्याच्या तेविसाव्या सर्गात चिता विझवून पॅट्रोक्लसच्या अस्थी वेचायच्या ठरतात, तिथे हेच क्रियापद आहे. वेचता वेचता मोजणं आलं आणि मोजलेलं ओळीनं सांगणंही आलं. आपणही तक्रारींचा ‘पाढा वाचतो’, तो असाच मोजण्याकडून सांगण्याकडे गेलेला. अथेन्समध्ये अधिकाऱ्याची मुदत संपली की चिठ्ठीने निवडलेल्या दहा लोगिस्तेससमोर (हिशेबतपासनिसांसमोर) त्याला लोगोस द्यावा लागे, म्हणजे जमाखर्च. ज्ञानाचा दावा करणाऱ्याकडे सॉक्रेटिस मागतो तोही लोगोसच, पण इथे तो युक्तिवाद. आपण ‘कोणत्या हिशोबाने बोलतोस?’ विचारतो, अगदी तसा. इतिहासकार हिरोडोटसमध्ये एखाद्याला ‘एन ऊदेनी लोगो’ धरणं म्हणजे खिजगणतीत न धरणं. युक्लिडच्या भूमितीच्या पाचव्या पुस्तकात लोगोस हे गुणोत्तर आहे आणि दोन गुणोत्तरं सारखी असली की अनालोगिया, म्हणजे प्रमाण. किलोला चाळीस, तर ‘त्या हिशोबाने’ अडीच किलोचे शंभर, हे मंडईतलं बोलणं याच घरातलं. अलोगोस म्हणजे गणितात अपरिमेय आणि एरवी विवेक नसलेला, मुका प्राणी. आजच्या ग्रीकमध्ये आलोगो म्हणजे चक्क घोडा!

सर्वात जास्त चूक होते ती सुटा शब्द असा अर्थ घेतल्याने. त्यासाठी ग्रीकमध्ये ओनोमा (नाम), र्‍हेमा (बोल, क्रियापद) असे शब्द आहेत. प्लेटो ‘सोफिस्ट’ या संवादात नीट दाखवतो: ‘सिंह हरीण घोडा’ हा लोगोस नव्हे, ‘चालतो धावतो झोपतो’ हाही नव्हे. नाम आणि क्रियापद एकमेकांत गुंतले, ‘थिएटेटस बसला आहे’ असं झालं, की लोगोस झाला. तो खरा किंवा खोटा असू शकतो. सुटं नाम तसं असू शकत नाही.

वाचताना शेजार बघावा. दिदोनाइ (देणे) असेल तर हिशेब किंवा कारण. माणसाबद्दल एखेइन (असणे, बाळगणे) असेल तर बहुधा विवेक किंवा वाणी. अ‍ॅरिस्टॉटल म्हणतो की प्राण्यांत लोगोस फक्त माणसाकडे आहे, तेव्हा त्याला दोन्ही हवं आहे आणि मराठीत एक शब्द पुरत नाही. काता लोगोन म्हणजे प्रमाणात, पारा लोगोन म्हणजे अपेक्षेबाहेर. शेजार न बघता कोशातला पहिला सोयीचा अर्थ उचलला की वाक्य बिघडलंच.

आता परीक्षेबाहेर लॉग टेबल फारसं कुणी उघडत नाही. मोबाईल उत्तर देतो, म्हणून ‘लॉग म्हणजे काय?’ हा प्रश्नही वर्गात फारसा येत नसावा. याचं वाईट वाटतं.

लिडेल-स्कॉट या ग्रीक-इंग्रजी कोशाच्या जोन्स यांनी सुधारलेल्या आवृत्तीत लोगोसचे दहा मोठे विभाग आहेत. पहिला गणना आणि हिशेबाचा, दहावा देवाच्या शब्दाचा. सरांचा क्रम हाच होता. बायबलमधल्या योहानाच्या ‘प्रारंभी शब्द होता’ या ओळीशी ते सर्वात शेवटी आले, आणि लगेच बायबलमधल्याच लूकचा सोळावा अध्याय सांगितला. तिथे मालक कारभाऱ्याला म्हणतो, कारभाराचा हिशेब दे. ग्रीकमध्ये दोन्हीकडे लोगोसच.