आमची वाटचाल: सेन्सर कुठं लावायचा?

कुपवाड एमआयडीसीत शेड घेतलं तेव्हा काम एकच होतं, ट्रान्सफॉर्मरचं तेल गाळून द्यायचं. गिऱ्हाईक म्हणजे आसपासच्या फाउंड्र्या आणि साखर कारखाने. डीजीएत, म्हणजे तेलात विरघळलेल्या गॅसच्या तपासणीत, हायड्रोजन वाढलेला दिसला की प्रश्न ठरलेला, "आत नेमकं कुठं होतंय?" गॅसच्या रिपोर्टवरून जागा कळत नाही. त्या प्रश्नापायीच आम्ही पार्शल डिस्चार्ज, म्हणजे इन्सुलेशनमध्ये आतल्या आत उडणाऱ्या बारीक ठिणग्या, शोधायच्या कामात उतरलो.

मशीन काय, पैसे मोजले की मिळतं. खरी मेहनत सेन्सर टँकवर कुठं लावायचा यात आहे. डिस्चार्ज झाला की अल्ट्रासॉनिक आवाज निघतो. तेलातून तो सेकंदाला सुमारे 1400 मीटर जातो, म्हणजे 100 मायक्रोसेकंदांत 14 सेंटिमीटर. तेल तापून 80 अंशांवर गेलं की वेग 1200 च्या आसपास उतरतो, त्यामुळे तापमान लिहून घेतल्याशिवाय आवाजाच्या वेळेवरून अंतराचा हिशोब करायचा नाही. त्यात टँकचा पत्रा फसवतो. पोलादातून आवाज तेलापेक्षा कितीतरी जोरात पळतो, त्यामुळे लांबच्या सेन्सरवर सरळ तेलातून येणाऱ्या आवाजाआधी पत्र्यातून फिरून आलेलाच पोचतो. तो धरला की जागा चुकलीच. म्हणून सेन्सर सरकवत सरकवत उगमासमोर न्यायचा. तिथं सिग्नलची सुरुवात एकदम ठसठशीत दिसते.

आतून मॅग्नेटिक शंट, म्हणजे चुंबकीय फ्लक्स वळवणाऱ्या पोलादी पट्ट्या, असलेल्या भिंतीवर आवाज दबतो. स्टिफनरवर, म्हणजे भिंतीला बाहेरून मजबुतीसाठी जोडलेल्या पट्टीवर, तर सेन्सर लावायचाच नाही. यासाठी आतलं ड्रॉइंग लागतं, आणि जुन्या ट्रान्सफॉर्मरचं ड्रॉइंग मिळवणं हे अर्ध्या कामाइतकं काम!

सेन्सर लावायची जागा पुसून ग्रीस लावतो, मॅग्नेटनं पकडतो आणि शेजारी पत्र्यावर मेकॅनिकल पेन्सिलचं 0.5 मिलिमीटरचं शिसं मोडतो. त्या 'टक्'ला स्क्रीनवर नीट उसळी आली, तरच पकड बरोबर. कारखान्यातले वायरमन हसतात, पण आमचा पोरगा पेन्सिल विसरला तर मी त्याला गाडीतच बसू देत नाही.

कारखान्यात उसाचं गाळप सुरू असताना शटडाउन कोणी देत नाही, आणि चालू ट्रान्सफॉर्मरवर हात पोचेल तेवढीच भिंत आपली. बुशिंगजवळ, म्हणजे जिथून हाय व्होल्टेजच्या तारा आत जातात त्या वरच्या भागात, जायचं नाही म्हणजे नाही, गिऱ्हाईक कितीही घाई करो.

अलीकडे यूएचएफ प्रोबही घेतला, म्हणजे डिस्चार्जच्या रेडिओ लहरी पकडणारा अँटेना. तो ड्रेन व्हॉल्व्हमधून आत सरकवतात, पण व्हॉल्व्ह आरपार सरळ उघडणारा हवा. बटरफ्लाय असला तर प्रोब जातच नाही. म्हणून आता कोटेशनआधी व्हॉल्व्हचा फोटो मागवतो.