चावला स्पॅनियल, मुसकं रोझीला

गेल्या महिन्यात मला कुत्रं चावलं. इथे इंग्लंडमध्ये, रेडिंगमध्येच, एका मैत्रिणीच्या घरी. लोंबत्या कानांचा गोंडस कॉकर स्पॅनियल टेबलाखाली चिकनचं हाड चघळत बसला होता. हाड घशात अडकेल म्हणून मी ते काढायला हात घातला. तो आधी गुरगुरला होता, दातही दाखवले होते, पण मी लक्ष दिलं नाही. अंगठ्याच्या बुडाशी दोन दात खोल रुतले.

दवाखान्यात नर्सने जखम बराच वेळ धुतली, धनुर्वाताचं इंजेक्शन आणि अँटिबायोटिक्स दिली. सांगलीहून आईचा एकच प्रश्न, "रेबीजचं घेतलंस का?" इथल्या कुत्र्यांमधून रेबीज १९२२ मध्येच हद्दपार झालाय, हे तिला पटवता पटवता रात्र झाली. (तिचं चुकत नव्हतं. तिकडे चावलं असतं तर मीही जखम साबणाने धुऊन आधी लस घ्यायला धावले असते.)

त्या घरात सगळे म्हणाले, "बिचारा घाबरला असेल." मीही म्हणाले, आणि ते खरंच होतं.

हे "बिचारा" रोझीच्या वाट्याला मात्र कधी आलं नाही. रोझी शेजारच्या बाईंची कुत्री. रुंद छाती, मोठं डोकं, आखूड केस. माझा मुलगा तिच्या पोटाला टेकून गृहपाठ करतो, अर्थात आमच्यापैकी कुणीतरी मोठं माणूस जवळ असतंच. तिने आजवर कुणाला ओरखडाही काढलेला नाही. इथल्या १९९१ च्या डेंजरस डॉग्ज कायद्याने पिट बुल टेरियर, जपानी टोसा, डोगो अर्जेंटिनो आणि फिला ब्राझिलेरो यांच्यावर बंदी होतीच. २०२३ च्या शेवटी त्यात एक्सएल बुली, म्हणजे अमेरिकन बुलीतला सगळ्यात थोराड प्रकार, आली. बंदी आईबाप पाहून नाही, रूप आणि मापं पाहून ठरते. एकाच वेतातलं एक पिल्लू कायद्यात बसतं, दुसरं सुटतं.

बाईंनी स्वयंपाकघरात रोझीला उभं केलं आणि मी टेप धरली. खांद्यापाशी मादीची उंची ४८ सेंटिमीटर किंवा जास्त भरली, तर ती एक्सएल बुलीत धरली जाऊ शकते. टेपवर ४९ आले. बाईंनी मला पुन्हा मोजायला लावलं. पुन्हा ४९. रोझी शेपूट हलवत होती, तिला वाटलं खाऊ मिळणार. मग मायक्रोचिप, नसबंदी, विमा, ९२ पौंड ४० पेन्स फी भरून तिला पाळायचं सूटपत्र आणि बाहेर नेताना कायम दोरी आणि तोंडाला मुसकं. आजोबांकडे मळणीच्या वेळी बैलांना बांधायचे, तसं. पण ते मळणीपुरतं असायचं.

एक्सएल बुलींनी माणसं मारली आहेत. ज्यांच्या घरातलं माणूस गेलं, त्यांचा संताप मला समजतो. एवढ्या ताकदीच्या कुत्र्याचा चावा जीवघेणा ठरू शकतो, म्हणून मालकावर जास्त जबाबदारी टाकावी, हेही मला मान्य आहे. पण कुत्रं चावतं ते बहुतेक वेळा भीतीने, दुखण्याने, खाताना किंवा झोपेत कुणी डिवचलं म्हणून, कोंडून किंवा साखळीला बांधून वाढवलं म्हणून. यातलं काहीच टेपने मोजता येत नाही. याच कायद्यात आणखी एक कलम आहे: कुठल्याही जातीचं कुत्रं धोकादायकरीत्या बेकाबू झालं तर मालक गुन्हेगार. त्याची अंमलबजावणी जोरात झाली असती, मालकांना आधी शिकवलं असतं, तर माझा विश्वास आहे की जास्त माणसं वाचली असती.

आपल्याकडेही मार्च २०२४ मध्ये केंद्राने २३ जातींवर बंदी घालायला राज्यांना सांगितलं होतं. पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केलं. तेव्हा गावाकडच्या ग्रुपवर रॉटवायलरचे फोटो फिरत होते. आपल्या गल्लीत पोरांना चावणारी कुत्री कुठल्या जातीची असतात, हे मात्र कुणी विचारलं नाही.

बाई आता रोझीला रात्री दहानंतर फिरवतात, कारण दिवसा लोक रस्ता ओलांडून पलीकडे जातात. परवा फाटकाशी भेटल्या. रोझीने मुसक्यातूनच माझ्या हाताची पट्टी हुंगली, मग जाळीसकट डोकं माझ्या मांडीला टेकवून उभी राहिली.