हे कोरं पान कोणाचं?

तीनशे पानांचा दस्तऐवज क्लायंटला पाठवला की पहिला शेरा मजकुरावर येईल, अशी नव्या मुलांची समजूत असते. प्रत्यक्षात पहिला शेरा येतो तो ‘पान ४७ कोरं का?’ आत ब्रेकरच्या इंटरलॉकची, म्हणजे ब्रेकर भलत्या वेळी चालू न देणाऱ्या बंदोबस्ताची, अट उलटी लिहिलेली असली तरी ती दोन रिव्हिजन सुखेनैव पुढे जाते. टेबलाची उजवी कड कागदाबाहेर गेली की मात्र अख्खं खातं खडबडून जागं होतं. यात क्लायंटचा दोष काढण्यात अर्थ नाही. माणसाचा डोळा आधी कड बघतो, मग अक्षर बघतो, आणि अर्थापर्यंत पोचेस्तोवर चहाची वेळ झालेली असते.

आमचं ऑफिस मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत. बडोद्यात ट्रान्सफॉर्मर, पॅनेल, स्विचगियर करणाऱ्यांना तोटा नाही, आणि हल्ली लोखंडाबरोबर कागदही द्यावा लागतो: यंत्रणेने काय काय करायचं, कोणती अट कोणत्या भागाने पुरी केली, ती कोणत्या चाचणीत तपासली. हे सगळं आम्ही मॉडेलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ठेवतो. चौकोन, बाण, अटी, त्यांचे एकमेकांशी संबंध. मग ‘जनरेट’ म्हणायचं, की वर्डची फाइल तयार. डेमो द्यायला येणारा माणूस हे बटण फार ऐटीत दाबतो. त्याच्या मॉडेलमध्ये पाच चौकोन असतात.

मुळात मॉडेलला पान नसतं. ते एक झाड असतं. फांदीला फांदी, तिला पानं, पण कागदाची नव्हेत. जनरेटर, म्हणजे ही फाइल तयार करणारा प्रोग्राम, ते झाड वरून खाली चालत जातो आणि टेम्प्लेटमध्ये, म्हणजे फाइल कशी दिसावी त्याच्या साच्यात, सांगितल्याप्रमाणे प्रत्येक घटक फाइलीत ओतून मोकळा होतो. ओळ कुठे मोडायची, पान कुठे पडायचं, हे नंतर वर्ड ठरवतं, आणि तेही त्या त्या संगणकावर कोणते फॉन्ट आहेत ते बघून. म्हणून अनुक्रमणिका पुष्कळदा रिकामीच बाहेर येते. जनरेटरला पानांचे आकडे माहीत असणार तरी कुठून? कंट्रोल-ए, मग एफ९, की आकडे भरतात. पण हे ठाऊक नसलेल्याचा फोन येतोच. ‘बेन, इन्डेक्स तो खाली छे!’ त्याला एफ९ सांगितलं की पलीकडून जे ‘अच्छा’ येतं, त्यात सुटकेपेक्षा निराशा जास्त असते. काहीतरी मोठं बिघडलंय अशी त्याची खात्री झालेली असते.

शीर्षकांची गंमत वेगळी. यूएमएल ही मॉडेल काढायची चित्रभाषा. तिच्यात पॅकेजच्या, म्हणजे घटकांच्या गठ्ठ्याच्या, आत पॅकेज, त्याच्या आत आणखी एक, असं कितीही खोल जाता येतं. वर्डकडे हेडिंगच्या पातळ्या मोजून नऊ. आमच्या एका मॉडेलमध्ये रिलेची सेटिंग्ज दहाव्या पातळीवर होती. ती साध्या मजकुरात येऊन पडली, ना क्रमांक, ना अनुक्रमणिकेत जागा. टेम्प्लेट दुरुस्त करा म्हणून बराच आरडाओरडा झाला. मला विचाराल तर इथे वर्डचं बरोबर होतं. ४.२.१.३.१.६.२.१.५ असा क्रमांक लिहावा लागतोय, म्हणजे मॉडेल रचणाऱ्याने कुठेतरी थांबायला हवं होतं. फॉर्मॅटिंगच्या तक्रारी खणत गेलं की अशी दुसरीच दुखणी वर येतात, आणि ती कोणाला नको असतात. फॉन्ट बदलणं सोपं असतं हो.

आता ते कोरं पान. वर्डमध्ये टेबल हे कशाचंच शेवटचं टोक असू शकत नाही. टेबलानंतर एक परिच्छेद असावाच लागतो, मग तो रिकामा का असेना. कंट्रोल-शिफ्ट-८ दाबलं की तो दिसतो: टेबलाखाली डाव्या कडेला एकटंच उभं असलेलं ते उलट्या ‘पी’सारखं चिन्ह. निवडून डिलीट करा, हलत नाही. टेबल पानाच्या तळाला नेमकं टेकलं की या परिच्छेदाला जागा उरत नाही. तो पुढच्या पानावर जातो, आणि त्याच्या मागून नव्या पानावर सुरू होणारा सेक्शन असला की झालं कोरं पान तयार. उपाय हास्यास्पद वाटेल असा आहे: त्या परिच्छेदाच्या अक्षरांचा आकार एक पॉइंट करायचा, आधीनंतरची मोकळी जागा शून्य करायची, ओळीचं अंतरही नेमकं एक पॉइंट ठेवायचं. तो आहे तिथेच राहतो, फक्त दिसेनासा होतो. आणि याच्या नेमकं उलट, दोन टेबलांमध्ये टेम्प्लेटने एकही परिच्छेद सोडला नसेल, तर वर्ड ती दोन्ही टेबलं एकमेकांना चिकटवून टाकतं आणि खालच्याचे कॉलम वरच्याशी भांडायला लागतात. म्हणजे तोच रिकामा परिच्छेद एका ठिकाणी नकोसा आणि दुसऱ्या ठिकाणी त्याच्यावाचून अडलेलं.

पेस्ट करणाऱ्यांबद्दल थोडक्यात सांगते, कारण जास्त बोलले तर ऑफिसात वाईटपणा येईल. मॉडेलमधल्या घटकाच्या वर्णनात लोक ईमेलमधून, पीडीएफमधून, जुन्या वर्ड फाइलीतून मजकूर उचलून डकवतात. त्याच्यासोबत त्याचे ठळक, तिरपे, रंग, बुलेट सगळं वऱ्हाड येतं. टेम्प्लेट म्हणतं ‘एरियल, दहा’. वर्णन आपलाच हेका चालवतं. मजकूर आधी नोटपॅडमध्ये टाका आणि मग मॉडेलमध्ये न्या, हे मी ज्याला त्याला सांगत असते. ऐकणारे ऐकतात. बाकीचे ‘चालशे’ म्हणतात. बडोद्यात राहायचं तर ‘चालशे’शी जुळवून घ्यावंच लागतं.

खरी परीक्षा मात्र मराठी मजकुराने घेतली. महाराष्ट्रातल्या एका सबस्टेशनच्या कामात ऑपरेटरसाठीच्या सुरक्षासूचना मराठीत हव्या होत्या, आणि त्या मॉडेलमध्येच ठेवायचं ठरलं. ऑफिसात मराठी बोलणारे आम्ही थोडे, त्यामुळे काम माझ्याकडे आलं. पहिल्याच फाइलीत ‘धोका’ या शब्दाच्या जागी चार प्रश्नचिन्हं. सबस्टेशनच्या दारावर चार प्रश्नचिन्हं लावायला मी तरी तयार नव्हते. तेव्हा फाइल नोटपॅडमध्ये उघडून आत डोकावलं. आमचं सॉफ्टवेअर आधी आरटीएफमध्ये लिहितं. हा मायक्रोसॉफ्टचा १९८७ सालचा फाइलीचा प्रकार, आणि त्यात देवनागरी अक्षर जसंच्या तसं लिहीत नाहीत, त्याचा आकडा लिहितात. ध म्हणजे २३४३, ओकाराची मात्रा २३७९, क २३२५, काना २३६६. प्रत्येक आकड्यापुढे एक प्रश्नचिन्ह असतं, ज्या प्रोग्रामला आकडा कळत नाही त्याने निदान ते दाखवावं म्हणून. आमच्या साखळीत मधे एक जुना कन्व्हर्टर, म्हणजे फाइलीचा प्रकार बदलणारा प्रोग्राम, बसला होता. त्याला आकडे कळत नव्हते. प्रश्नचिन्हं त्याने इमानाने पोचवली.

कन्व्हर्टर बदलला, अक्षरं आली, आणि लगेच पुढची कुरकुर: इंग्रजी सूचना ठळक, मराठी फिकट, इंग्रजी दहाची, मराठी बाराची. स्टाइलमध्ये तर सगळं नीट दिसत होतं. कारण असं की वर्ड देवनागरीला ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’मध्ये धरतं आणि तिचा फॉन्ट, तिचा आकार, तिचा ठळकपणा सगळं वेगळ्या खात्यात ठेवतं. रोमन अक्षरं ठळक केली म्हणून देवनागरी ठळक होईल याची हमी नाही. वर्डच्या डॉकएक्स फाइलीच्या नावाचं शेपूट बदलून झिप केलं की ती उघडते. आत ‘स्टाइल्स’ नावाची एक्सएमएल फाइल असते आणि तिच्यात या दोन्ही नोंदी शेजारी शेजारी दिसतात. आमच्या टेम्प्लेटमध्ये दुसरी नोंदच नव्हती. टेम्प्लेट करणाऱ्याच्या डोळ्यांपुढे मराठी वाचणारा माणूस आलाच नसणार. मग दुसऱ्या नोंदी मी एकेक करून भरल्या. हे काम मला मनापासून आवडलं, हे सांगायला हरकत नाही.

एवढं सगळं करण्यापेक्षा तयार फाइलीतच हाताने दुरुस्त्या केल्या तर अर्ध्या तासाचं काम, असं कोणीही म्हणेल. म्हणतातच. टेबल ओढून सरळ करायचं, कोरं पान काढायचं, ‘धोका’ हाताने टाइप करायचं, पीडीएफ करून पाठवायचं. आणि पुढच्या आठवड्यात मॉडेलमधली एक अट बदलली, पुन्हा जनरेट केलं, की सगळ्या दुरुस्त्या गेल्या गंगेला.

माझे बाबा कलाभवनात शिकले. सयाजीरावांनी १८९० साली काढलेली ही संस्था. दादासाहेब फाळकेही तिथलेच विद्यार्थी. पुढे ती महाराजा सयाजीराव विद्यापीठाची तंत्रज्ञान शाखा झाली, तरी दांडिया बाजारातले जुने लोक अजून कलाभवनच म्हणतात. बाबा ड्राफ्ट्समन होते. त्यांच्या काळी ट्रेसिंग पेपरवर काळ्या शाईने मूळ ड्रॉइंग काढायचं आणि त्याच्यावरून अमोनिया प्रिंट काढायच्या. चूक सापडली की ट्रेसिंगवरची रेघ दाढीच्या ब्लेडने अलगद खरवडायची, नखाने घासून तो भाग गुळगुळीत करायचा आणि नवी रेघ ओढायची. कागद पातळ, ब्लेड जरा तिरकं गेलं की भोक. तरीही हात लावायचा तो ट्रेसिंगलाच. प्रिंटवर पेनाने सुधारून साइटवर पाठवणाऱ्याला त्यांचे साहेब सगळ्यांदेखत झापत, कारण पुढची प्रिंट पुन्हा जुनीच निघणार आणि साइटवर दोन ड्रॉइंगं फिरणार. आमची वर्ड फाइल म्हणजे ती अमोनिया प्रिंट. ट्रेसिंग आमचं दोन जागी असतं, मजकुराचं मॉडेलमध्ये आणि दिसण्याचं टेम्प्लेटमध्ये. फरक इतकाच की अमोनिया प्रिंटला वास यायचा, त्यामुळे ती प्रिंट आहे हे विसरायची सोय नव्हती.

दोष या दोहोंपैकी कुठे आहे हे शोधायची माझी पद्धत साधी आहे. अख्खं मॉडेल जनरेट करायचंच नाही. एक पॅकेज, त्यात एकच घटक, वर्णनात ‘अबक’. हे नीट आलं तर टेम्प्लेट निर्दोष आणि भानगड कोणीतरी डकवलेल्या मजकुरात; मग मॉडेल अर्धं अर्धं करत जायचं. एका घटकातही वाकडं आलं तर गुन्हेगार टेम्प्लेटमध्येच. अर्थात फाइल द्यायची तारीख उद्यावर आली की हे सगळं शहाणपण गुंडाळून ठेवावं लागतं आणि हाताने दुरुस्ती करावीच लागते. त्याला माझी ना नाही. फक्त केलेली प्रत्येक दुरुस्ती टेम्प्लेट सांभाळणाऱ्याच्या यादीत गेली पाहिजे. टेम्प्लेट मीच सांभाळते, त्यामुळे यादी लांबत जाते.

सध्या एका अमेरिकन क्लायंटपायी लेटर आकाराच्या कागदाचं काम चाललंय. ए४पेक्षा तो जेमतेम सहा मिलिमीटर रुंद आणि जवळजवळ अठरा मिलिमीटर आखूड. ऐकायला क्षुल्लक, पण पानात बेताने बसवलेली आमची सगळी चित्रं खालच्या समासात उतरली आणि त्यांच्याखालचे मथळे पुढच्या पानावर गेले. बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, ‘मग दोन ट्रेसिंगं ठेवा की.’ दोन ठेवली की एकातली दुरुस्ती दुसऱ्यात करायची राहते, हे माझ्याआधी त्यांना माहीत आहे. तरी दोन ठेवलीत.